धाकटीची जागा

"नापासताई, आज तरी पास करा," असं म्हणत सर्व्हरवाला दादा खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. "उद्या दुपारी सुरू करायचंय. मोठे डॉक्टर स्वतः येणार आहेत."

ती हसली, पण तिची नजर पडद्यावरून हलली नाही. रुग्णालयाच्या ज्या सर्व्हरवर इतकी वर्षं फक्त कर्मचारी पासवर्ड टाकून कामं करत होते, त्याच दारातून उद्यापासून रुग्णही आपापले रिपोर्ट पाहायला येणार होते. त्या दाराची परीक्षा घेणं हे तिचं काम. बरोबर पासवर्डनं दार उघडतं का, हे कुणीही बघेल. ती आधी चुकीचा द्यायची, मग रिकामा, मग नाव एकाचं नि पासवर्ड दुसऱ्याचा. नकार नीट मिळाला की तिचा जीव भांड्यात पडायचा. म्हणून तर ती सगळ्यांची नापासताई झाली होती.

तिचा स्वतःचा पासवर्ड लांबलचक होता. त्यात सगळं घर होतं. आधी सासूबाईंचं नाव, मग नवऱ्याचं, मग मुलाचं आणि अगदी टोकाला मुलीचं. ही मुलगी एका रात्रीची पाहुणी. कागदावर नुसतंच 'मुलगी' लिहिलेलं. नाव तिनं आपल्या मनानं ठेवलं आणि नवऱ्याला एकदाच सांगितलं. त्यानं मान हलवली. पुढे घरात तो विषय कुणी काढला नाही. तिनंही काढला नाही. रोज सकाळी कामाला बसताना तेवढं नाव बोटांनी उमटवायचं, त्याशिवाय दार उघडायचं नाही, हा नेम मात्र तिनं लेकीसाठी राखला होता.

आज ते नाव लिहायच्या आतच नवऱ्याचा फोन आला. टाकीत पाणी चढत नाही, मोटारीचं बटण नक्की कुठलं, म्हणून विचारत होता. फोन खांद्याला धरून त्याला सांगता सांगता तिच्या हातून एंटर दाबलं गेलं.

दार उघडलं.

आपणच लिहून विसरलो असू, असं तिला वाटलं. ती बाहेर पडली आणि या खेपेला मुद्दाम लेकीचं नाव वगळलं. उघडलं. मुलाचंही वगळलं. तरी उघडलं. तिनं दादाला पडद्याकडे बोट करून दाखवलं.

दादानं सर्व्हरची मांडणी उघडली आणि एकेक ओळ वाचत खाली गेला. मग म्हणाला, "पासवर्ड जसाच्या तसा नाही ठेवत आपण, दळून ठेवतो, म्हणजे मूळ अक्षरं कुणाला ओळखता येऊ नयेत. पण ही दळायची पद्धत फार जुनी निघाली, ताई. ती पहिली आठ अक्षरं घेते, बाकीचं सांडून देते."

"इतकी वर्षं?"

"पहिल्या दिवसापासून. मीच बसवलीय."

तिनं मनातल्या मनात अक्षरं लावून पाहिली. सासूबाई पूर्ण मावत होत्या, नवरा अर्धाच. सासूबाईंनी इथेही पुढची जागा धरली म्हणायची, असा एक विचार येऊन गेला. पण त्याचं हसू काही आलं नाही. रोज सकाळी आपण जिला हाक मारत होतो, तिचं नाव दाराला कधी ऐकूच गेलं नव्हतं.

दादा आपल्या परीनं समजावत होता. पद्धत बदलायला वेळ लागत नाही, पण मग सगळ्यांना नवीन पासवर्ड घ्यावे लागतील, नर्सपासून डॉक्टरांपर्यंत सगळे ओरडतील, उद्याचा कार्यक्रम बारगळेल. आधी सुरू होऊ दे, मग सावकाश करू. "शेवटची अक्षरं मोजतंय कोण, ताई?"

तपासणीच्या तक्त्यातला रकाना रिकामा होता. 'पास' लिहिलं की झालं असतं.

"लिहिणारा मोजतो," ती हळूच म्हणाली. "माणूस विश्वासानं सगळं सांगतो, दादा. आपण ऐकल्यासारखं करायचं नि अर्धंच ऐकायचं, हे बरं नाही. साहेबांना मी सांगते."

साहेब चिडले. मोठ्या डॉक्टरांना आता कुठल्या तोंडानं सांगू, म्हणाले. ती खाली मान घालून उभी राहिली, पण जागची हलली नाही. शेवटी त्यांनी फोन उचलला आणि तारीख पुढे ढकलली.

नवी पद्धत बसली तेव्हा पहिला पासवर्ड तिनंच घेतला. लेकीचं नाव सगळ्यांच्या पुढे घ्यावं, असं एकदा मनात आलं. मग नको वाटलं. धाकटीनं घरात आपल्या जागीच असावं. तिनं जुन्याच क्रमानं सगळं घर लिहिलं, बाहेर पडली आणि तपासायला म्हणून मुलाच्या नावापर्यंत येऊन एंटर दाबलं.

पडद्यावर लाल ओळ आली. नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे.

"अडलं का?" पलीकडून दादानं विचारलं.

"अडलं."

तिनं चष्मा काढून पुसला आणि ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग सासूबाईंपासून सुरुवात करून एकेक नाव लिहीत निघाली. मुलापाशी क्षणभर थांबली, आणि धाकटीला आत घेतलं.