प्रार्थनेचा सीन

रूथ नगरच्या कॉलेजात पोरांना सिनेमा शिकवते, म्हणजे चांगल्या चाललेल्या सीनची चिरफाड करते. या सुट्टीत मात्र राहात्याला आईकडे येऊन ती एकाच सीनपाशी अडून बसली होती. तीसेक वर्षांपूर्वी त्यांच्याच चर्चमध्ये एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं आणि गर्दीत तिचे पप्पा, यशया, बसले होते. पुढे रूथ जेमतेम चालायला लागली आणि ते गेले. घरात फोटो होते, पण हलता-बोलता माणूस तिला आठवतच नव्हता. तो सिनेमा आत्ता कुठे मोबाईलवर सापडला होता, आणि पप्पांचा जिवंत चेहरा पाहायला तिचा जीव तुटत होता.

"हायेत गं त्यात ते," आई, दयाबाई, ठासून सांगत होती. "ते गेल्यावर थेटरात लागला, तवा मी चार डाव गेल्ते."

सीन तसा साधा. गाव सोडून निघालेली हिरॉईन शेवटची चर्चमध्ये येते. पाळकाचं, म्हणजे पाद्रीचं, काम करणारा नट म्हणतो, "आपण प्रार्थना करू या." तेवढ्यात सगळ्यांनी वळून तिच्याकडे बघायचं, असं डायरेक्टरने बजावलं होतं. पण ते शब्द निघाले मात्र, राहात्याच्या मंडळींनी झटकन डोळे मिटून माना खाली घातल्या. सिनेमा गेला उडत! पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. अखेर डायरेक्टरने कपाळाला हात लावून आहे तसं ठेवलं. पुढे जाणत्यांनी लिहिलं, गाव तिची नजर चुकवतं, केवढी ही कल्पकता!

रूथने तो सीन थांबवत थांबवत पाहिला. नुसती डोकी. तेलाने चपचपीत, टक्कल पडलेली, पदराखालची. आता माना वर होणार, तेवढ्यात डायरेक्टरने कापून हिरॉईनचा चेहरा लावलेला. वर्गात तिने या कटाचं तोंडभर कौतुक केलं असतं. आता तिला त्या माणसाचा संताप आला आणि रडूच फुटलं.

"कुठल्या बाकावर आहेत ते? दाखव ना!"

"मला काय म्हाईत? मी कुठं बघितलंय?"

"चार वेळा गेलीस ना?"

"मंग? प्रार्थना चालू हुती की! डोळं उघडं कसं ठिवायचं?"

ही बाई चार-चारदा थेटरात जाऊन नेमकी तिथेच डोळे मिटून बसली होती.

"लाव परत," दयाबाईने हात जोडले. "आन् तू बी मीट."

रूथने मिटले. चिमण्या ऐकू आल्या, बाकांची करकर, नटाचं पाठ केलेलं बोलणं. चित्र एव्हाना हिरॉईनवर गेलं असणार, पण आवाज अजून चर्चमध्येच होता. मग सगळ्यांचं 'आमेन' झालं. आणि ते विरल्यावर एकट्याचंच, भरदार, लांबवलेलं आणखी एक 'आमेन'.

"ह्येच," दयाबाई म्हणाली. "कायम सगळ्यांच्या मागून म्हनायचे. लई चिडायची मी."

रूथला आनंद आणि दुःख एकदमच दाटून आलं. हिरॉईन मोबाईलवर ढसाढसा रडत असावी. तिच्याकडे बघायला दोघींपैकी कुणालाच सवड नव्हती.