मांजराचं गाणं

मी उखळ बोलतंय. रुम्फी गावात, न्यागोंड्वेच्या चुलीमागे माझी जागा. तिच्या नवऱ्याने बुंध्यातून मला कोरून काढलं, आणि ती सासू झाल्यावर मुसळ सुनेच्या हाती गेलं.

आमच्याकडची रीत आधी सांगायला हवी. कांडताना सून जे गाईल, त्यावर सासूने ब्र काढायचा नाही, रुसायचंही नाही. तोंडावर बोलता येत नाही ते सगळं सुना माझ्यात ओततात.

त्या वर्षी मका कमी पिकला होता. सून न्याम्हांगो तेव्हा अंगावर पाजत होती. सासूने सरोवरावरची सुकी मासळी मडक्यात दडवली आणि संपली म्हणून सांगितलं. सून बिचारी मक्याची घट्ट उकड नुसत्या मिठाशी गिळायची. एका सकाळी चुलीतली राख काढताना तिला काटे दिसले. तान्ही तोवेरा पाठीला बांधली, मुसळ उचललं आणि गायली:

आमच्या घरचं मांजर गुणाचं,
मासळी खातं, तोंड पुसतं,
बाळंतिणीला मीठ वाढून
उन्हात जाऊन गप बसतं.

ठेका मीच दिला. शेजारच्या बायका तोंड लपवून हसल्या. न्यागोंड्वे शेंगा सोलत होती, तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. चाल गोड होती, गाणं गावभर झालं. त्या मापाने तिची मान अजून खाली.

पुढे न्याम्हांगो तापाने गेली. पोर कशानेच राहीना. मग न्यागोंड्वेने मुसळ हातात घेतलं, कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि तेच गाणं म्हटलं. पोर निजली. मग रोज तेच मागू लागली. जरा मोठी झाल्यावर विचारायची, मांजर कुठल्या रंगाचं होतं गं आजी? म्हातारी म्हणायची, काळं. आणि जोरात कांडायला लागायची.

वर्षं सरली. तोवेराच्या लग्नाचा मका कांडायला बायका जमल्या. ती म्हणाली, "आजी, माझं मांजराचं गाणं तूच म्हण. तुझ्यासारखं कुणाला जमत नाही."

शेजारीण न्यामसिस्काला हसू आवरेना. "जमणारच की. मांजर कोण होतं, ते विचार ना आजीला."

बाकी कुणी हसलं नाही. म्हातारी पीठ चाळत राहिली. पोरीला मांजर कळलं, आणि इतकी वर्षं हट्ट करकरून आपण आजीला काय गायला लावलं, तेही कळलं. तिला मान वर करवेना.

"आजी, एकदा तरी नाही म्हणायचं होतंस."

"तुझ्या आईचं दुसरं काय होतं माझ्यापाशी, तुला द्यायला?" म्हातारी चाळणीतच बघत होती. "आणि त्यात खोटं काय होतं? उचल मुसळ. बायका खोळंबल्यात."

मुसळ उचललं, पण आवाज कुणाचाच लागला नाही. लग्नाचा मका गाण्यावाचून कांडला गेला.

आता बाजारात गिरणी आलीय. माझ्या बुडाला चीर गेलीय, कोंबड्या काठावर बसतात. तुम्हाला एवढंच सांगणं, आवडीचं गाणं कुणाला म्हणायला लावाल तेव्हा गाणाऱ्याच्या तोंडाकडे एकदा बघत चला. मी ठेका देत राहिलं, मला थांबता येत नव्हतं. तुम्हाला येतं.