पाळकसाहेबांची शब्दपेटी

मित्रांनो, मी सागवानाची एक जुनी पेटी आहे. मला छत्तीस कप्पे आहेत, पण त्यांत दागिना एकही नाही. त्यांत शब्द आहेत! काल जे घडले ते तुम्हांला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

रेव्हरंड उकंडराव साळवे संग्रामपूरच्या एका लहानशा चर्चचे पाळक होते आणि चर्चच्या शाळेत मराठी शिकवत. सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणत. पन्नास वर्षांपूर्वी एका नव्या गुरुजींनी ‘सांबार’ म्हणणाऱ्या मुलीला वर्गाबाहेर उभे केले. त्यांच्या मते तिने ‘कोथिंबीर’ म्हणायला हवे होते. पाळकसाहेबांनी तिला आत आणले, दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले आणि म्हणाले, “गुरुजी, हिचा शब्द चुकला नाही. तो आपल्याले माहीत नव्हता.”

त्याच आठवड्यात असे शब्द जपून ठेवायला त्यांनी शालिग्राम सुतारांकडून मला घडवून घेतले.

मग दर बाजाराला ते जनकाबाईंच्या भाजीच्या दुकानाशी बसू लागले. जनकाबाई तेव्हा विशीतल्या होत्या.

“याले काय म्हणता?” पाळकसाहेब टोमॅटो उचलून विचारत.

“भेदरं.”

ते चिठ्ठीवर शब्द लिहीत, अर्थ लिहीत आणि खाली सांगणाऱ्याचे नाव.

“माह्या नावाचं काय काम, साहेब? मले त वाचताबी येत नाही.”

“शब्द तुमचा हाय, जनकाबाई. मी निसता लिहून राह्यलो.”

अकरा वर्षांत सात हजार चिठ्ठ्या झाल्या. गवतांची नावे, गुरांचे आजार, वखराचे भाग, काय नव्हते माझ्यात! पाळकसाहेबांनी त्या शहरातल्या विद्वानांकडे पाठवल्या. चिठ्ठ्या परत आल्या, सोबत पत्र होते, ‘अशुद्ध बोलीचा हा संग्रह छापण्याजोगा नाही.’ त्या दिवशी त्यांनी सगळ्या चिठ्ठ्या कप्प्यांत लावून माझे झाकण मिटले. पुढच्या बाजाराला मात्र पुन्हा कोऱ्या चिठ्ठ्या घेऊन निघाले.

ते गेले आणि मी तीस वर्षे चर्चच्या मागच्या खोलीत पडून राहिले. गेल्या वर्षी छप्पर दुरुस्त करताना मजुरांनी मला अंगणात काढले. भंगारवाल्याने हातगाडीवर टाकले. आता चिठ्ठ्या रद्दीत आणि लाकूड चुलीत, हे मी ओळखले. गाडी बाजारातून निघाली.

“थांब बे,” ओळखीचा आवाज आला. केस पांढरे झालेल्या जनकाबाई समोर उभ्या होत्या. “हे पाळकसाहेबाची पेटी व्हय.”

“आता भंगार हाय, आजी.”

जनकाबाईंनी मेथीची अख्खी टोपली त्याच्या गाडीवर ठेवली आणि मला खाली उतरवून घेतले.

नांदुऱ्याच्या कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या अपेक्षा मॅडम त्यांच्याकडून भाजी नेत. पुढच्या बाजाराला जनकाबाई त्यांना म्हणाल्या, “यात काय लिवलं हाय, ते वाचून द्या.”

मॅडम पोत्यावरच बसल्या आणि एक चिठ्ठी काढून वाचू लागल्या. “भेदरं म्हणजे टोमॅटो. सांगणार, जनकाबाई.”

जनकाबाईंचा तराजूचा हात थांबला. गिऱ्हाईक उभेच राहिले.

मित्रांनो, मग वर्षभर माझे कप्पे मिटलेच नाहीत. मॅडम आणि त्यांचे विद्यार्थी चिठ्ठी न् चिठ्ठी उतरवून घेत होते. त्या चिठ्ठ्यांचा मोठा शब्दकोश झाला आणि काल चर्चच्या अंगणात त्याचे प्रकाशन झाले! मला टेबलावर मधोमध ठेवले होते. विद्यापीठाचे प्राध्यापक म्हणाले, “यांतले कितीतरी शब्द आम्ही ऐकलेही नव्हते.” मॅडमनी मधलेच पान उघडून वाचले, “पऱ्हाटी म्हणजे कापूस.”

“चुकलं,” जनकाबाई म्हणाल्या.

त्या उठून उभ्या राहिल्या.

“कापूस हातात येते. पऱ्हाटी वावरात उभी राह्यते. ते झाड हाय.”

मॅडमनी माझ्यातली चिठ्ठी काढली. छापताना तिच्यावरची ‘लागतो ते झाड’ ही अर्धी ओळ सुटली होती. प्राध्यापकांनी उठून जनकाबाईंना हात जोडले आणि पेन काढून आपल्या प्रतीत दुरुस्ती केली. टाळ्यांनी माझी फळी न् फळी थरथरली!

आज सकाळपासून शाळेतली मुले माझ्यासमोर रांगेत उभी आहेत. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून प्रत्येकाने एक शब्द आणला आहे. मित्रांनो, वाळवीपासून मला जरूर जपा. पण कुलूप लावू नका.