तीस धुण्यांनंतर

गिरणीच्या तपासणी-खोलीत मिर्योंगने जंतू वाढवायच्या दोन्ही काचेच्या बशा खिडकीपाशी नेऊन उजेडात धरल्या. पहिलीत कापडाच्या तुकड्याभोवती स्वच्छ, रिकामं कडं होतं. जंतू तिथवर येऊन थबकले होते. दुसरीतलं कापड त्याच ताग्यातलं, फक्त तीस वेळा धुतलेलं. तिथे जंतूंची पिवळसर साय थेट धाग्यांवर चढली होती.

"चाचणी परत लावून बघ," मागून नाम साहेब म्हणाले.

"ही तिसरी खेप आहे, साहेब."

दक्षिण कोरियातल्या देगू शहराच्या रंगकाम वसाहतीतली ही गिरणी साहेबांच्या वडिलांनी उभी केलेली. अस्तराच्या कापडाचे दिवस सरले तेव्हा साहेबांनी सुती चादरींवर चांदीचे नॅनोकण चढवण्याचं काम सुरू केलं. आता एका इस्पितळाला भाजलेल्या रुग्णांच्या कक्षासाठी अशा चादरी हव्या होत्या. पन्नास धुण्यांपर्यंत जंतू फिरकणार नाहीत, असं लेबल छापूनही झालं होतं. तीन वाजता तिथल्या मुख्य परिचारिका प्योबाई माल बघायला येणार होत्या.

साहेबांनी दार लोटलं. "बशी बदल. न धुतलेला तुकडा ठेव आणि खाली पन्नास लिही."

"नाही लिहिणार."

"चांदी आपण घातली की नाही? का मी नुसतं पाणी विकतोय?"

"घातली, पण बसली नाही. कापड भट्टीतून घाईने पळवलं की कण धाग्याला पक्के धरत नाहीत, धुण्याबरोबर निघून जातात. मार्चपासून सांगतेय मी."

"आणि भट्टी हळू चालवली की गॅसचा खर्च कोण देणार? तुझा बाप?"

मिर्योंगने पेनाला टोपण लावलं. "त्याची तेवढी ऐपत असती तर मी इथे कशाला असते?"

साहेबांचे कान लाल झाले. चौदा वर्षांत तिने त्यांना असं उत्तर दिलं नव्हतं.

"कोट काढ आणि घरी जा."

तिने पांढरा कोट काढून खुर्चीच्या पाठीवर नीट अडकवला. मग दोन्ही बशा उचलल्या आणि घरी न जाता जिना चढू लागली.

वरच्या बोळात भट्टीवरच्या जमसुनताई गार बार्लीचा चहा पीत उभ्या होत्या. त्यांनी बशा पाहिल्या, तिचा चेहरा पाहिला.

"कुठे निघालीस?"

"पाहुण्यांच्या खोलीत."

"वेड लागलं का तुला? चाळीस घरांची चूल आहे या गिरणीवर."

"माहीत आहे, ताई. त्यातली एक माझी."

जमसुनताईंनी गळ्यातल्या टॉवेलने मान पुसली. तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडली. मग मिर्योंगचे दोन्ही हात गुंतलेले पाहून त्यांनीच पुढे होऊन दार उघडलं.

प्योबाई वेळेआधीच येऊन बसल्या होत्या. ठेंगणी, पिकल्या केसांची बाई. हातांची कातडी सतत धुऊन धुऊन खरखरीत झालेली. मिर्योंगने बशा त्यांच्यासमोर ठेवल्या.

"ही नवी चादर. आणि ही तीस वेळा धुतलेली."

तेवढ्यात साहेब धापा टाकत आत आले. "अहो, ही आता आमच्याकडे कामाला—"

"बसा ना," प्योबाई बशीवरची नजर न काढता म्हणाल्या. त्यांच्या आवाजात असं काही होतं, की साहेब बसले.

प्योबाईंनी दुसरी बशी डोळ्यांपाशी नेली. बराच वेळ पाहिली.

"म्हणजे ही चादर मी घेऊ शकत नाही."

"नाही," मिर्योंग म्हणाली. "भट्टी निम्म्या वेगाने चालवली तर कदाचित. पन्नास धुणी करून पाहीपर्यंत मी आकडा सांगणार नाही."

साहेबांनी डोळे मिटले.

प्योबाईंनी पिशवीतून चौकोनी घडी काढली. धुऊन धुऊन विटलेली, एका कडेला कसलासा तपकिरी डाग मुरलेली चादर.

"ही दुसऱ्या गिरणीची. साठ धुण्यांच्या हमीचा कागद आहे हिच्याबरोबर, शिक्क्यासकट. सहा महिने माझे रुग्ण हिच्यावर झोपताहेत." त्यांनी घडी टेबलावर मिर्योंगच्या दिशेने सरकवली. "लावून बघाल?"

मिर्योंगने चादर उलगडली. कुठला तुकडा घ्यावा हे बोटांनी चाचपत तिने विचारलं, "इथे कात्री आहे का?"

मग नाम साहेब उठले, कोपऱ्यातल्या कपाटाचा खण उघडला आणि कात्री आणून तिच्या हातात दिली.