अर्धा दात

भिंतोबा हे नाव लोकांनी चेष्टेने ठेवलं होतं, पण अकरा वर्षांत त्याचं खरं नाव बायकोशिवाय कुणाच्या तोंडी उरलं नव्हतं. पोलीस ठाण्यासमोरच्या लांब भिंतीवर तो दरवर्षी एकच चेहरा रंगवायचा. कारखान्याच्या संपात त्याच्या मित्राला पोलिसांनी उचलून नेलं आणि तो परत आलाच नाही. हा चेहरा त्याचा. खाली काळ्या रंगात नाव, आणि नावाखाली दोनच शब्द: ‘कुठे आहे?’ आठ-पंधरा दिवसांत पालिकेचा सफेदीवाला येऊन भिंत पांढरी करायचा, आणि वर्षभराने भिंतोबा पुन्हा श्रीगणेशा करायचा.

यंदा मात्र त्याच्या अंगात त्राण नव्हतं. गुडघे शिडीच्या तिसऱ्या पायरीलाच कुरकुरायला लागत. रागही पूर्वीसारखा येईना, आणि राग येत नाही याचीच त्याला लाज वाटे.

‘‘हे शेवटचं,’’ त्याने निघताना बायकोला सांगितलं.

‘‘गेल्या वर्षीही शेवटचंच होतं,’’ ती म्हणाली आणि जेवणाचा डबा त्याच्या हातात दिला.

खडूच्या रेघा ओढून होत आल्या तेव्हा मित्राची थोरली बहीण आली. दरवर्षी ती यायची, बघायची आणि न बोलता जायची. यंदा तिने पिशवीतून फोटो काढला.

‘‘ताई, फोटो कशाला? हा चेहरा मी झोपेतही काढीन.’’

‘‘तेच तर झालंय,’’ ताई म्हणाली. ‘‘काल त्याला आठवायला बसले, तर तुझी भिंतच आठवली. मिटलेलं तोंड, वटारलेले डोळे. असा होता का रे तो? मला माझा भाऊ आठवेनासा झालाय.’’

भिंतोबाने फोटो पाहिला. मित्र खो खो हसत होता. पुढचा एक दात अर्धा तुटलेला, कॉलर एका बाजूने वर आलेली. ते तोंड पहिल्या वर्षी भिंतोबानेच मिटवलं होतं. हसऱ्या माणसासाठी कोण पेटून उठणार, असं तेव्हा त्याला वाटलं होतं. पुढे तर तो फोटो न बघता आपल्याच जुन्या चित्रावरून काढत गेला, आणि दरवर्षी भुवई थोडी आणखी चढत गेली. पोलिसांनी माणूस नेला, पण चेहरा आपणच हरवला. तो शिडीच्या पायथ्याशी मटकन बसला.

‘‘चुकलं माझं, ताई.’’

‘‘मग नीट कर. बसतोस काय?’’

त्याने रेघा पुसल्या आणि फोटो समोर धरून पुन्हा सुरुवात केली. ताई भिंतीलगतच्या पायरीवर बसून बघत राहिली. एका दातापायी अर्धी दुपार गेली.

‘‘बघ कसा दात काढतोय,’’ ताई म्हणाली आणि तिने पदराने डोळे टिपले.

नाव तेवढं लिहायचं राहिलं होतं. भिंतोबा काळ्या रंगाचा डबा उघडतोय तोच सफेदीवाला बादली घेऊन हजर झाला. पालिकेतल्या साहेबांना यंदा आधीच कुणकुण लागली होती. त्याच्याकडच्या ऑर्डरला गेल्या वर्षीच्या चित्राचा फोटो टाचलेला होता. त्याने एकदा कागद पाहिला, एकदा भिंत पाहिली.

‘‘हा तो नाही,’’ तो म्हणाला.

‘‘नीट बघ.’’

‘‘अकरा वेळा पुसलाय मी त्याला. मी ओळखणार नाही? ह्याची ऑर्डर नाही माझ्याकडे.’’ बादली उचलून तो आला तसा निघून गेला. त्यालाही दुपारचं ते काम टळलेलं हवंच होतं.

भिंतोबा डबा धरून उभा राहिला. नाव लिहिलं की उद्या चित्र जाणार, आणि नाही लिहिलं तर हा कुणीही एक हसणारा माणूस.

‘‘काय करू, ताई?’’

‘‘अकरा वर्षं सगळ्यांचा होता. थोडे दिवस माझा राहू दे.’’

त्याने झाकण दाबून बसवलं. त्याला फार हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचं वाईटही वाटलं.

रस्त्याने जाणारी एक बाई भिंतीपाशी थबकली. चित्र बघता बघता तिलाही हसू आलं.

‘‘कोण हो हे?’’

‘‘भाऊ आहे माझा,’’ ताई म्हणाली.

‘‘अगदी गोड हसतात. कुठे असतात ते?’’

भिंतोबाने ताईकडे पाहिलं. अकरा वर्षं तो हा प्रश्न भिंतीवर लिहीत आला होता. त्या दोघांना तो कुणी विचारला मात्र आज पहिल्यांदाच.

ताईने पायरीवर सरकून जागा केली.

‘‘बसा,’’ ती म्हणाली. ‘‘सांगते.’’