पाठ करून बसलेला बाप

उमापूरच्या आमच्या वाचनालयात दर दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी, अकरा ते एक, अंगद आपल्या मुलीला भेटतो. कोर्टाचा तसा हुकूम आहे. आई वनमाला चकलांब्याहून आरोहीला आणते आणि बाहेर ओट्यावर बसते. आत काय घडलं ते ग्रंथपाल म्हणून मी कोर्टाला लिहून द्यायचं. ज्याला माणसांशी धड बोलता येत नाही, त्याच्यावर हे काम का आलं, मला अजून कळलेलं नाही.

पहिल्या दोन भेटींत सहा वर्षांची आरोही पुस्तकांच्या कपाटामागून बाहेर आलीच नाही. ‘मुलगी बोलली नाही,’ असं मी दोन्हीदा लिहिलं. तिसरी भेटही अशीच गेली, तर भेटी बंद करण्याचा अर्ज वनमाला देणार होती.

तिसऱ्या वेळी अंगद रिकाम्या हातानं आला. आधी त्यानं बाहुली आणली होती, मग फुगे.

“गुरुजी, ही सुतळी घेऊ का?” जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याकडे बघत त्यानं विचारलं. मी कधी कुणाला शिकवलेलं नाही. चष्म्यामुळे लोक गुरुजी म्हणतात.

“घ्या.”

गठ्ठ्याची सुतळी सोडवून घेऊन तो कपाटाकडे पाठ करून जमिनीवर बसला आणि शेळ्या बांधायचं दावं वळायला लागला. मुलीला हाकसुद्धा मारली नाही. अर्धा तास गेला.

“बघा गुरुजी,” वनमाला दारातून म्हणाली. “लेकराकडं पाठ. हे बी लिवा.”

मी लिहिलं, ‘वडील पाठ फिरवून बसले.’ पण मनाला पटेना. शेवटी धीर करून विचारलं, “अंगदराव, असं का बसलात?”

“नवी शेळी लई बुजती, गुरुजी. मागं लागलं की लांब पळती. पाठ करून आपलं काम करत बसायचं. तिला वाटलं की येती.” तो हळू आवाजात म्हणाला, “दोनदा मागं लागलो. चुकलं माझं.”

“शेळ्यांचं समदं कळतं ह्याला,” वनमाला पुटपुटली आणि ओट्यावर जाऊन बसली.

साडेबाराला कपाटामागे पावलं वाजली. मी वाचायचं सोंग केलं. पान उलटायचीही भीती वाटत होती. आरोही बापाच्या पाठीशी येऊन उभी राहिली.

“दावं कुणाला?”

अंगद वळला नाही. “चांदीच्या करडाला.”

“चांदी व्याली?”

“दोन झाली. नावं ठेवायची ऱ्हायलीत.”

ती त्याच्या खांद्यावरून वाकली. “हे ढिल्लं हाय.”

“मग ओढ की.”

दोघांनी मिळून गाठ आवळली.

एक वाजला. माझी ती पाठ फिरवल्याची ओळ खोडावी असं फार वाटलं. पण लिहिलेलं खोडायला मन धजेना. तिच्याखाली सगळं सविस्तर लिहिलं, शेळीसकट. वनमालानं उभ्या उभ्या वाचलं, पुन्हा वाचलं.

“अर्जाचं ऱ्हाऊ द्या,” ती मला म्हणाली. “चौथ्या रविवारी आणते हिला.”

चांदी तिच्याच माहेरची शेळी. चपला घालता घालता तिनं आत बघत विचारलं, “दोन्ही करडं पितेत का नीट?”

अंगद अजून तसाच बसलेला होता. मान न वळवता म्हणाला, “पितेत.”