यायचं औषध

सहाला नळ येतो. वच्छलाबाई आधी पिण्याचे पाणी भरतात, मग अंगणात सडा टाकतात. सातला त्यांची सून पौर्णिमा गॅसवर चहा ठेवते आणि कणीक मळायला घेते. आठला घंटागाडी गाणे वाजवत कोपऱ्यावर येते. अमरावतीतल्या या घराची सकाळ मला पाठ आहे. पण मित्रांनो, मी ती कधी पाहिली नाही, केवळ ऐकली आहे. स्वयंपाकघराच्या माळ्यावर, मोडक्या कूलरच्या मागे कोंबलेला मी पत्र्याचा एक म्हातारा डबा.

माझा जन्म अकोल्याचा. सरकीचे तेल पोटात घेऊन मी दुकानात आलो. तेल संपल्यावर वच्छलाबाईंचे यजमान सूर्यभानजी यांनी मला चांदूर रेल्वेच्या टिनवाल्याकडे नेले. त्याने माझे तोंड कापले, कडा मुडपल्या, झाकण बसवले. पुढची बारा वर्षे मी ज्वारीचे पीठ सांभाळले. दळण आले की वच्छलाबाई पिठात हात घालून पाहत आणि ते निवल्यावरच मला भरत. शेजारणी म्हणत, "वच्छला, तुया पिठाले अळी कशी लागत नाही वं?" त्या नुसत्या हसत. ते हसू मी माझी स्तुती समजत असे.

मग स्टीलचे डबे आले. सूर्यभानजी मला शेतात घेऊन गेले. ज्या पोटात पीठ होते तिथे फवारणीच्या बाटल्या आल्या. त्यांनी रंगाने माझ्या अंगावर एक शब्द लिहिला, 'औषध'. आमच्या वऱ्हाडात पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारायच्या विषाला औषधच म्हणतात. इतक्या सवयीने म्हणतात, की त्यातले विष कुणाला ऐकूच येत नाही.

पुढे शेत मक्त्याने दिले गेले, बिऱ्हाड अमरावतीला आले. सामानाबरोबर मीही आलो. माझ्या तळाशी एक अर्धी बाटली तशीच राहिली. दोन वर्षांपूर्वी सूर्यभानजी वारले. माझ्यावरचा शब्द गंजाने खाल्ला. बाटलीचे लेबल गळून पडले, झाकण सैल झाले, आणि थेंबाथेंबाने विष माझ्या पत्र्यात मुरत गेले. माझे झाकण मात्र गंजून घट्ट बसले. ती बाटली माझ्या कैदेत होती की मी तिच्या, हे मला सांगता आले नसते. त्या काळोखात मला एकच इच्छा उरली होती. मरण्याआधी एकदा पुन्हा पिठाचा स्पर्श व्हावा.

यंदा होळीनंतर पौर्णिमाने माळा रिकामा करायचे ठरवले. भंगारवाल्या गजेंद्रला फोन केला. तो तीनचाकी घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा वच्छलाबाई देवळात निघाल्या होत्या. चपला घालता घालता त्या म्हणाल्या, "पौर्णिमा, वरच्या डब्यात यायचं औषध आहे बरं," आणि गेल्या.

वच्छलाबाईंनी जन्मात नवऱ्याचे नाव घेतलेले नाही. 'यायचं' म्हणजे सूर्यभानजींचे, एवढे पौर्णिमाला कळत होते. पण ती अकोल्यात, एका कारकुनाच्या घरी वाढलेली. तिच्या लेखी औषध दवाखान्यातून यायचे. सासऱ्यांचे गुडघे दुखत, मालिशच्या बाटल्या येत, हे तिला आठवले.

गजेंद्रने मला माळ्यावरून खाली उतरवले आणि पेचकसाने माझे झाकण उचकटले. "हे काय होय, ताई?"

"बाबांचं जुनं औषध असेल. गुडघ्यांना लावायचे ते."

"मंग फेकता काहून? माया मायचे गुडघे लय दुखून राह्यले. मले देऊन टाका."

"अहो, जुनं झालं ते."

"जुनं तं जास्त लागू पडते!" त्याने बाटली नाकाजवळ नेली आणि मान मागे घेतली. "बाप रे! वास पाहा! जेवढा वास उग्र, तेवढं औषध कडक."

पौर्णिमा हसली. बाटली गजेंद्रच्या पिशवीत गेली. माझे तोंड सताड उघडे होते, पण त्यातून शब्द फुटत नव्हता. एका म्हातारीच्या कातडीवर काय चोळले जाणार आहे, हे त्या घरात फक्त मला ठाऊक होते.

मग त्याने माझ्यावर टिचकी मारली. "अन् हा डबा मी घरीच नेतो. कणकीले कामी येईन."

मित्रांनो, हे वाक्य ऐकण्यासाठी मी किती वर्षे थांबलो होतो! आणि ते ऐकताच मी भ्यालो.

इतक्यात वच्छलाबाई परतल्या. पिशवीतून डोकावणारे बाटलीचे तोंड त्यांनी ओळखले.

"गजेंद्र, थे बाटली कुठून घेतली?"

"काकाजीचं औषध होय न, मावशी. ताईनं देल्लं. मायच्या गुडघ्याले."

"अरे बाप्पा! थे पऱ्हाटीचं औषध होय! बोंडअळीचं! ठेव खाली आधी!"

गजेंद्रने बाटली फरशीवर ठेवली आणि हात अंगापासून दूर धरून उभा राहिला. पौर्णिमा सासूकडे वळली. "आई, तुम्ही औषध म्हणालात..."

"मंग काय म्हणू? सारेच औषध म्हन्तेत." वच्छलाबाईंचा आवाज खाली आला. "माह्यंच चुकलं. इख म्हणाले पायजे होतं."

गजेंद्रने दोनदा साबणाने हात धुतले. मोरीत ओतून मोकळे व्हावे, असे त्याने सुचवले. "नालीचं पाणी गाईढोरं पेतात रे," वच्छलाबाई म्हणाल्या. पौर्णिमाने महापालिकेच्या कचरा विभागात फोन लावला. ओतू नका, धुऊ नका. झाकण घट्ट करून पिशवीत बांधा, वर 'विष' लिहा आणि उद्या घंटागाडीवर वेगळे द्या, असे उत्तर आले. तिने मोठ्या अक्षरांत तसे लिहिले.

उरलो मी.

"डबा तं नेऊ द्या, मावशी," गजेंद्र म्हणाला. "राखेनं घासतो. लखलख करतो."

वच्छलाबाईंनी माझ्या तळाकडे पाहिले. ओले, काळपट डाग पाहिले. "बारा वर्स माह्यं पीठ सांभाळलं यानं," त्या हळूच म्हणाल्या. क्षणभर मला वाटले, त्या 'ने' म्हणतील. मलाही ते हवे होते, हे मी लपवत नाही. पण ज्याच्या अंगात एकदा विष मुरले, त्याला राखही शुद्ध करत नाही. मित्रांनो, अशा डब्याला अन्नाजवळ नेऊ नका, तो कितीही चकाकला तरी. आणि विषाला औषध म्हणू नका.

"पौर्णिमा, हातोडी अन् मोठा खिळा आन."

त्यांनी दोन्ही हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या आणि मला पालथे घातले. पहिल्या घावाला मी खणकन वाजलो; नंतरचे घाव मुकाट सोसले. सात भोके पडली. वच्छलाबाईंनी मला उजेडाकडे धरून पाहिले. पीठ तर दूरच, माझ्यात आता पाणीही टिकणार नव्हते. त्यांची खात्री पटली. त्यांनी मला बाटलीच्या पिशवीशेजारी ठेवले आणि सुनेकडे साबण मागितला.